कृत्रिम नखांच्या ॲक्रिलिक द्रावणाबाबत निवेदन

प्रति,
मा. सहायक आयुक्त (औषधे),
अन्न व औषध प्रशासन, बीड.

विषय : कृत्रिम नखांसाठी लेबलविना विकले जाणारे द्रावण व जेल यांची तपासणी होणेबाबत.

महोदय,

आम्ही पाली (ता. जि. बीड) येथील ब्युटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या महिला सविनय निवेदन करतो की, लग्नसराईत मेंदीबरोबर आता लांब नखेही लावून मागतात. त्यासाठीचे द्रावण आमच्या हाती येते ते पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत. तिच्यावर घटकांची नावे नाहीत, बॅच नंबर नाही, बनविणाऱ्याचा पत्ता नाही. झाकण उघडले की डोळ्यांना पाणी येते. आमच्यातल्या एकीच्या बोटांची टोके गेल्या लग्नसराईपासून भेगाळली आहेत. पीठ झोंबते म्हणून घरच्या भाकरी आता तिची सासू थापते.

नख एकदा घट्ट झाले की त्याचा त्रास फारसा होत नाही. खरा धोका ओल्या द्रावणाचा आणि दिव्याखाली अर्धवट वाळलेल्या जेलचा. ते कातडीला वारंवार लागले तर ॲलर्जी जडते आणि ती बहुधा जन्मभर राहते. पुढे दाताची कवळी किंवा सांधा बसविण्याच्या सिमेंटमधील याच जातीच्या रसायनांचाही त्रास होऊ शकतो. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येते, आमचे हात मात्र रोज त्यात असतात. मिथाइल मेथाक्रिलेट हे स्वस्त द्रव नखांसाठी वापरल्याने इजा झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत १९७० च्या दशकातच कारवाई झाली. ‘हेमा’ हा घटक असलेली नखांची उत्पादने युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने केवळ व्यावसायिकांपुरती ठेवली व ॲलर्जीचा इशारा छापणे सक्तीचे केले. आमच्या बाटलीत यातले काय आहे, हे आम्हाला कळायला मार्गच नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार घटक, बॅच नंबर व उत्पादकाचा पत्ता लेबलवर हवाच. परदेशी मालाला नोंदणीही हवी. तरी औषध निरीक्षकांमार्फत बीड शहरातील घाऊक दुकानांतून नमुने घेऊन त्यांत मिथाइल मेथाक्रिलेट आहे का, हे तपासावे. लेबलविना विक्री बंद करावी. तपासणीचा निष्कर्ष आम्हाला लेखी कळवावा. घटकांची व इशाऱ्याची माहिती मराठीत छापून पार्लरमध्ये लावण्यासाठी द्यावी, कारण इंग्रजी बारीक अक्षरे आमच्यापैकी बऱ्याच जणींना वाचता येत नाहीत.

नखांचे काम बंद व्हावे असे आमचे म्हणणे नाही. त्यावर आमची घरे चालतात. पुढची लग्नसराई सुरू होण्यापूर्वी नमुने घेतले जावेत, ही नम्र विनंती.

आपल्या विश्वासू,
ब्युटी पार्लरमधील महिला, पाली
(सोबत : सह्यांची यादी व रिकामी बाटली)