कथकच्या वर्गातील तबलजी

घाटकोपरसारख्या उपनगरात संध्याकाळी कथकचे वर्ग भरतात. शाळा आटोपून आलेल्या मुली घुंगरू बांधतात आणि तीनतालाच्या सोळा मात्रांत ततकार सुरू होतो. पूर्वी अशा वर्गात तबलजी असे; आता त्याच्या जागी बहुधा लेहरा वाजविणारे यंत्र असते. हा बदल किरकोळ मानला जातो. वस्तुतः तो तसा नाही.

१९४७ साली रोहिणी भाटे यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातील मुलीने नाचावे की नाही, हाच प्रश्न होता. तो आता सुटला आहे. आजची अडचण पैशाची आहे. प्रयोगकलांचा खर्च सतत का वाढतो, याची मीमांसा बॉमॉल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये केली होती. यंत्रमागावर तासाला अधिक कापड निघू शकते. ततकाराला मात्र अशी सोय नाही. ठाय लयीत पाय पक्का झाल्यावाचून दुगुण नाही, दुगुणीवाचून चौगुण नाही. इतरत्र वेतन व भाडी वाढली की वर्गाचाही खर्च वाढतो, शिक्षण मात्र लवकर उरकता येत नाही. मग फी वाढवावयाची, मुलींची गर्दी करावयाची किंवा तबलजीला रजा द्यावयाची. फी वाढविली तर कारकुनाची मुलगी गळते. म्हणून तबलजी जातो.

यंत्र लय सांभाळते, पण ऐकत नाही. तिहाई समेवर न येता अर्ध्या मात्रेने घसरली, तर तबलजीच्या भुवया उंचावतात; यंत्र आपले पुढे चालत राहते. पढंत करताना मुलीने घेतलेला श्वासही त्याला कळतो. हे शिक्षण परीक्षेच्या तयारीतून होत नाही.

परीक्षा असू नयेत असे नव्हे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण या सात परीक्षांनी अभ्यासाला शिस्त लावली. परंतु २०१७ च्या दहावीच्या निकालात अशा कलांचे वाढीव गुण जमेस धरले गेले, तेव्हापासून प्रमाणपत्राची मागणी वाढणे स्वाभाविक होते. शासनाने गुण दिले. शिकविण्याचा खर्च मात्र पालकांच्या व गुरूंच्याच माथी राहिला.

या खर्चातील मोठा बोजा जागेचा. मुंबईत तो कोणाला चुकला आहे? महापालिकेच्या ज्या शाळांत रात्रशाळा भरत नाहीत, तेथील सभागृहे नाममात्र भाड्याने अशा वर्गांना देता येतील. अट एवढीच, की वाचलेल्या भाड्यातून आठवड्यातून निदान दोन दिवस तबलजी बसवावा आणि त्याच शाळेतील काही मुलींना विनामूल्य शिकवावे. घुंगरांच्या आवाजाची शेजाऱ्यांची तक्रारही त्यामुळे मिटेल. देखरेख कोणी करावी, हा प्रश्न उरतो. तो शाळेच्या मुख्याध्यापकांवर सोपविण्यास हरकत नसावी. सभागृहातून तबला ऐकू येतो की नाही, हे त्यांना कार्यालयात बसूनही कळेल.