गाडगिळांनी मोजलेल्या मोटारी

हल्लीच बडोद्याला जाणे झाले. दांडिया बाजारात मामांकडे उतरलो होतो. एका संध्याकाळी ते मला लालबागेकडे घेऊन गेले. तिथल्या प्रताप विलास राजवाड्यात 1952 मध्ये रेल्वे अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्याच आवारात 2018 मध्ये वाहतुकीचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि 2022 मध्ये तिचे गतिशक्ती विश्वविद्यालय झाले. "आता इथं मुलं मालवाहतुकीचं शास्त्र शिकतात हो," मामा कौतुकाने म्हणाले.

जागा योग्यच. खंडेराव गायकवाडांनी 1862 मध्ये डभोई-मियागाम हा अरुंद लोहमार्ग घातला, तेव्हा त्यावरचे डबे चक्क बैल ओढीत!

पण माझ्या डोक्यात आले ते धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजहून परतल्यावर हा तरुण 1925 ते 1930 इथून जवळच, सुरतेला कॉलेजचा प्राचार्य होता. मग पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि 1966 पर्यंत तेच तिचे संचालक. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, नंतर नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. राज्यांना केंद्राची मदत वाटणारे 1969 चे 'गाडगीळ सूत्र' सगळ्यांना ठाऊक असते. त्यात 60 टक्के भार लोकसंख्येला होता, सरासरीहून गरीब राज्यांसाठी 10 टक्के वेगळे. (आपला गोवा तेव्हा केंद्रशासित, म्हणून राज्यांच्या त्या पंगतीत नव्हता.)

मला मात्र त्यांचे 1935 चे काम जास्त मोठे वाटते. गोगट्यांबरोबर त्यांनी मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार बस वाहतुकीची पाहणी छापली. मोटारी रेल्वेचे उतारू पळवतात, ही तक्रार त्या काळी सरकारदरबारी जोरात होती. अशा वेळी मत देण्याआधी रस्त्यावर काय चालले आहे ते पाहावे, ही त्यांची रीत. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने सर्व्हिस मोटारींच्या धुळीत उतरावे, हे त्या काळी काही प्रतिष्ठेचे काम नव्हते.

हीच नजर प्रवरानगरला दिसते. विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच. ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो, उशीर झाला की साखर घटते. म्हणजे कारखाना उसाजवळ हवा. आणि कारखाना खेड्यात आला की रस्ता, शाळा, दवाखाना मागोमाग येतात. वाहतूक आणि प्रदेशाचा विकास हे दोन विषय नाहीतच, ते प्रवरेच्या काठावर कळते.

आता आपल्याकडे पाहा. पूल, सहा पदरी रस्ते, 2020 मध्ये चांदर येथे दुपदरी लोहमार्गाविरुद्ध लोक रात्री रुळांवर उतरले ते, सगळीकडे भांडण आहे आणि दोन्ही बाजूंना आवेश आहे. माल कोणाचा, जाणार कुठे, वाटेवरच्या गावाला त्यातले काय मिळणार, हे आधी मांडायला नको का? काणकोणची बाई बाजारासाठी मडगावला येते, तिला शेवटची बस किती वाजता मिळते, याचा हिशेब प्रकल्पाच्या कागदांत कुठे असतो?

माझे म्हणणे एवढेच की बडोद्याच्या त्या मुलांना पहिल्या सत्रात संगणकासमोर बसवण्याआधी महिनाभर एखाद्या तालुक्याच्या बसस्टँडवर वही घेऊन उभे करावे. मामांना हे पटले नाही. "फी भरून कोण उभं राहील?" ते म्हणाले, आणि आम्ही शेव-उसळ खायला गेलो.