दोष लेन्सचा की हवेचा?

एप्रिल लागला की वाचकांच्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. ताडोब्याला जाऊन आलो, वाघ दिसला, मनसोक्त फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले तर एकही शार्प नाही. लेन्स सॉफ्ट निघाली, आता कोणती घेऊ? पत्राच्या शेवटी बजेटही दिलेलं असतं.

या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे. विदर्भात मार्च ते जून या महिन्यांत लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेला फोटो मऊ आला, तर पहिला संशय हवेवर घ्यावा, दुसरा हातावर, तिसरा फोकसच्या जागेवर. लेन्सचा नंबर त्यानंतर. पहिल्या तिघांची चौकशी न करता लेन्सच्या माथी खापर फोडणारे हौशी फोटोग्राफर चांगली लेन्स कमी भावात विकतात, कर्ज काढून नवी घेतात आणि पुढच्या सफारीहून तसेच मऊ फोटो घेऊन परततात. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण यात पैसा तर जातोच, पण शिकणाऱ्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वासही जातो.

हवेपासून सुरुवात करू. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो आकडा सावलीतल्या हवेचा. उन्हातला डांबरी रस्ता, मुरूम, वाळलेलं गवत याहून कितीतरी जास्त तापतं. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होऊन वर उठते, वरची जड हवा तिच्या जागी उतरते आणि ही घुसळण दिवसभर चालू राहते. विरळ हवेतून आणि दाट हवेतून जाताना प्रकाश वेगवेगळा वाकतो. वर्धा रोडवर दुपारी पुढे पाणी साचल्याचा भास होतो तो यामुळेच. जनावराकडून निघालेला प्रकाश अशा शंभर-दोनशे मीटर हवेतून वाकत-वाकत आपल्या लेन्सपर्यंत पोचतो, तेव्हा त्यातला बारीक तपशील वाटेतच विस्कटलेला असतो. ६०० मिलिमीटरची लेन्स हरणाला मोठं करते, तसंच या थरथरीलाही मोठं करते. मोबाइलच्या फोटोत जे जाणवत नाही, ते इथे उघडं पडतं.

एका वाचकाने पाठवलेला फोटो समोर ठेवून सांगतो. ताडोबा तलावाच्या पलीकडच्या काठावर उभं असलेलं चितळ, ६०० मिलिमीटर, १/२००० सेकंद, एफ ८, सकाळचे पावणेदहा. सेटिंगमध्ये नाव ठेवायला जागा नाही. शंभर टक्क्यांवर मोठं करून पाहिलं तर शिंगाची कड एका रेषेत जात नाही, बारीक नागमोडी दिसते. अंगावरचे ठिपके एका बाजूला ओघळल्यासारखे झालेत. चितळाच्या पुढचं गवत मऊ आहे, मागची झाडंही तेवढीच मऊ. पूर्ण शार्प अशी वस्तू फोटोत कुठेच नाही. त्याच बर्स्टमधली पुढची फ्रेम उघडली तर शिंगाची नागमोड दुसऱ्याच जागी सरकलेली. लेन्सचा दोष असता तर तो प्रत्येक फ्रेममध्ये तसाच राहिला असता. फ्रेमगणिक जागा बदलणारा दोष हवेचा असतो. या वाचकाने लेन्स विकायला काढली होती. ती त्याने ठेवून घ्यावी असं मी त्याला कळवलं आहे.

ही अडचण कॅमेऱ्यापेक्षा जुनी आहे आणि तिच्या इतिहासातलं एक ठिकाण नागपूरच्या अगदी जवळ आहे. हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्याने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकडी-टेकडीवर चढवत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याचं सगळं काम दूरच्या टेकडीवरची खूण दुर्बिणीतून पाहून कोन मोजण्याचं. तापलेल्या हवेत ती खूण दुर्बिणीत नाचते, मग कोन कसला मोजणार? त्याची जागा घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने रात्री दूरच्या टोकांवर दिवे पेटवून निरीक्षणं घेण्याची पद्धत रुजवली. त्या काळातली उत्तम काच हाताशी असलेल्या माणसाने काच बदलली नाही, वेळ बदलली. लांब लेन्स घेऊन विदर्भात फिरणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

आपल्यालाही तेच करायचं आहे. उन्हाळ्यात सकाळच्या सफारीतला पहिला दीड तास सोन्याचा. तेव्हा दूरचा फोटोही शार्प येतो. ऊन चढल्यावर अंतर कमी करा, म्हणजे गाडीजवळ जे येईल तेच टिपा आणि दीडशे मीटरवरचा वाघ डोळ्यांनी बघा. तो फोटो येणार नाही हे मान्य केलं की बघण्याचा आनंद तरी पुरता मिळतो. लेन्स तापलेल्या बॉनेटवरून रोखू नका. उमरेड रोडला गाडीत बसून पक्षी टिपणारे एसी चालू ठेवून काच खाली करतात. आतली गार हवा आणि बाहेरची झळ लेन्सच्या अगदी तोंडाशी एकमेकींत मिसळतात. एसी बंद करा, सगळ्या काचा खाली करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग कॅमेरा उचला. ही थरथर फक्त उन्हाळ्याची आहे असंही समजू नका. डिसेंबरच्या पहाटे गोरेवाडा तलावाचं पाणी वरच्या हवेपेक्षा उबदार असतं आणि पाण्यावरून दूरचं बदक टिपताना तोच मऊपणा येतो.

आता हात. फोटो हलला आहे की फोकस चुकला आहे, हे फोटोच सांगतो, फक्त तो पूर्ण मोठा करून पाहिला पाहिजे. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर जवळजवळ सगळंच शार्प दिसतं. तिथे झूम करून डोळा तपासल्याशिवाय समाधान मानू नका. पानावरच्या चमकत्या थेंबांच्या रेघा झाल्या असतील आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला असतील, तर कॅमेरा हलला. गवत शार्प आणि चालत्या वाघाचे पंजे पुसट असतील, तर शटर कमी पडलं. वाघ मऊ पण त्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी लख्ख असेल, तर फोकस भलत्या ठिकाणी बसला.

जिप्सीत कॅमेरा हलण्याची कारणं उघड आहेत. इंजिन चालू असतं, ते बंद केलं तरी मागच्या सीटवरचे काका उभे राहतात, पोरगं बाजू बदलतं आणि गाडी स्प्रिंगवर डुलते. आपल्याकडचे गाइड वाघ दिसताच दबक्या आवाजात सांगतात, "दादा, हलू नका ना कोणी!" तो सल्ला फोटोसाठीही तितकाच मोलाचा आहे. जाड कापडाच्या पिशवीत तीन-चार किलो तांदूळ भरून तोंड शिवून टाका. जिप्सीच्या दांडीवर ती पिशवी टाकून त्यावर लेन्स टेकवली की महागड्या मोनोपॉडपेक्षा जास्त आधार मिळतो.

शटरचा जुना ठोकताळा अजून खरा आहे. जितक्या मिलिमीटरची लेन्स, निदान तितकाव्या भागाचं शटर. क्रॉप सेन्सर असेल तर त्याच्या दीडपट. म्हणजे ५०० मिलिमीटरला १/८०० च्या खाली उतरू नये. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं, वाघाची चाल सावरत नाही. पेंचला हिवाळ्यात, सागवानाखाली, उजाडता-उजाडता काढलेल्या कितीतरी फोटोंत मला १/८०, १/१०० असं शटर आणि आयएसओ ४०० दिसतं. आयएसओ वाढवायची ही भीती फिल्मच्या काळातून उतरली आहे आणि ती टाकून द्यायला हवी. आयएसओ ३२०० वर आलेले दाणे आजच्या सॉफ्टवेअरने बरेच निवळतात. हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही.

फोकसची चूक ही बहुतेक वेळा कॅमेऱ्यावर सोडलेल्या निवडीची चूक असते. सगळे पॉइंट चालू ठेवले तर कॅमेऱ्याचा कल जवळच्या, ठळक वस्तूकडे असतो आणि ताडोब्यात ती वस्तू म्हणजे बांबूची फांदी. एकच पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. प्राण्याचा डोळा ओळखणारा नवा मिररलेस असेल तरी दाट गवतात मी हाच मार्ग सुचवेन. फोकस पॉइंट नेमका कुठे होता हे निकॉन, कॅननच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटोवरच उमटलेलं दिसतं. घरी आल्यावर ते जरूर तपासा. आपल्या चुकांचा कल लगेच कळतो.

शार्प पट्टा किती अरुंद असतो याचीही बऱ्याच जणांना कल्पना नसते. फुल-फ्रेम कॅमेरा, ५०० मिलिमीटर, एफ ५.६, वाघ वीस मीटरवर: शार्प भाग साधारण अर्धा मीटर. चेहरा शार्प आला तर पाठ मऊ राहणारच, तो दोष नव्हे. घरातही हेच होतं. ८५ मिलिमीटर, एफ १.८, दोन मीटरवर बसलेलं मूल: पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करून मग फ्रेम सरकवली आणि तेवढ्यात मूल किंचित पुढे झुकलं, तर कान शार्प आणि डोळा मऊ. एफ १.८ ची लेन्स घेतली म्हणून प्रत्येक फोटो एफ १.८ वर काढायचा नसतो. एफ ४ वर या आणि फरक पाहा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत तिसरीच गंमत होते. काळी मारबत गर्दीतून आपल्या दिशेने येत असते, आपण सिंगल फोकसवर अर्धं बटण दाबून नेमक्या क्षणाची वाट पाहतो आणि क्लिक होईपर्यंत मारबत चार पावलं पुढे आलेली असते. फोकस मात्र मघाच्याच जागेवर. समोरून येणाऱ्या कशासाठीही कंटिन्युअस फोकस वापरा. मग वाघ असो की बडग्या.

लेन्सच्या काचेकडे येण्याआधी तिच्यापुढे लावलेल्या काचेकडे बघा. दुकानात भेट म्हणून दिलेला स्वस्त यूव्ही फिल्टर लांब लेन्सवर फोटो हमखास मऊ करतो. काढून ठेवा. आणि नागपूरकरांना मुद्दाम सांगतो, कॅमेऱ्याची बॅग कूलरच्या खोलीत ठेवू नका. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली तरी पाण्याचा कूलर खोलीत दिवसभर ओल सोडतो, त्यानंतर लगेच पावसाळा येतो आणि लेन्समध्ये बुरशीला हवं ते सगळं मिळतं. मागून टॉर्च मारून आत पाहा. जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर फोटो धुरकट येण्याचं कारण सापडलं. प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पाकिटं एवढी व्यवस्था पुरते, फक्त जेल वेळोवेळी वाळवलं पाहिजे.

एवढं सगळं तपासून झालं आणि फोटो तरीही मऊ येत असतील, तर लेन्सवर संशय घेण्याचा हक्क तुम्ही मिळवला. तोही सिद्ध करावा लागतो. सकाळी, घरात, भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाला अगदी समोरासमोर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. आधी व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस करून चार-पाच फोटो काढा आणि दर वेळी फोकस रिंग मुद्दाम बिघडवून पुन्हा फोकस घ्यायला लावा. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये अक्षरं दहापट मोठी करून हाताने फोकस जुळवा आणि तेवढेच फोटो काढा. दोन्ही गठ्ठ्यांतली छोट्या जाहिरातींची अक्षरं शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

हाताने फोकस केलेली अक्षरं लख्ख आणि ऑटोफोकसची दर वेळी सारखीच मऊ, असं दिसलं तर काच उत्तम आहे, जुळणी चुकली आहे. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली असतो. त्याचं आणि मुख्य सेन्सरचं अंतर तंतोतंत जुळलं नाही की फोकस कायम थोडा पुढे किंवा मागे बसतो. मधल्या आणि वरच्या श्रेणीतल्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये ही चूक मेनूतून सुधारायची सोय असते. मिररलेस कॅमेरा मुख्य सेन्सरवरच फोकस मोजतो, त्यामुळे ही तक्रार तिथे जवळपास उरत नाही. दोन्ही गठ्ठे मऊ निघाले, किंवा पानाची डावी बाजू शार्प आणि उजवी पुसट असं दर वेळी दिसलं, तर आतली एखादी काच सरकली असण्याची शक्यता मोठी. मग सर्व्हिस सेंटर गाठा, पण एकटी लेन्स नेऊ नका. बॉडी सोबत न्या आणि हे वर्तमानपत्राचे मूळ फोटो पेन ड्राइव्हवर न्या. काउंटरवर "लेन्स सॉफ्ट आहे" एवढंच सांगितलं तर ती पुसून परत मिळण्याची शक्यता असते. कोणत्या बाजूला, किती अंतरावर, कोणत्या अॅपर्चरला फोटो मऊ येतो हे दाखवलं तर तंत्रज्ञाला नेमकं कुठे हात घालायचा ते कळतं.