कातडी कोणाच्या मालकीची?

खेळाडूंच्या अंगावरचे गोंदण जाहिरातीत झाकावे की नाही, हा काय दिवाळी अंकात लिहावयाचा विषय झाला, असे आमच्या एका स्नेह्यांनी विचारले. मी म्हटले, झाला. फराळाचे ताट घेऊन आपण ज्या दूरचित्रवाणीपुढे बसतो, तिच्यावर कोणी ना कोणी खेळाडू काही ना काही विकतच असतो. तो विकतो ते आपले अंग. मग त्या अंगाचे काय केले जाते हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे.

अ‍ॅलन आयव्हरसन हा फिलाडेल्फियाचा नामांकित बास्केटबॉलपटू. २००० सालच्या सुमारास तेथील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेच्या ‘हूप’ ह्या मासिकाने त्याला मुखपृष्ठावर छापले, आणि छापताना त्याच्या अंगावरचे गोंदण सफाईने नाहीसे केले. कानातले, गळ्यातलेही गेले. आयव्हरसन भडकला. आई, आजी, मुले ह्यांची नावे त्याने अंगावर गोंदवून घेतली होती. ती पुसणारे हे कोण?

ह्या परक्या भांडणात मी पडलो, त्याला कारण आहे. आमच्या घरात आजीचे एकच छायाचित्र आहे. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते. फोटोवाल्याने काचेवर पेन्सिल फिरवून दोन्ही जागा स्वच्छ केल्या. का, म्हणून वडिलांनी विचारले तेव्हा म्हणाला, “म्हातारी उजळ दिसते.” आजीने तो फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि मला विचारले, “ही कोण रे?” मेल्यावर माणसाबरोबर जाते ते गोंदणच, बाकी सगळे इथे राहते, असे मानणाऱ्यांपैकी ती होती. फोटोवाल्याने तिच्या गाठोड्यातले तेवढेच नेमके काढून घेतले.

झाकण्याचे समर्थन करणारे म्हणतात, मुले अनुकरण करतील. वाहवा! अहो, अनुकरण व्हावे म्हणूनच तर जाहिरात! त्याने घातला तो जोडा मुलाने मागावा, तो पितो ते साखरपाणी मुलाने प्यावे, ह्यासाठी त्याला पैसे मोजले. तेव्हा मुलाच्या भोळेपणाची चिंता कोणाला वाटली नाही. दंडावर आईचे नाव दिसताच मात्र सगळ्यांना एकदम बालसंगोपन आठवते!

चीनने हेच सरकारी शिक्का मारून केले. गोंदलेल्या नटांना दूरचित्रवाणीवर स्थान देऊ नये अशा सूचनेच्या बातम्या २०१८ च्या आरंभी आल्या. त्याच मार्चमध्ये चिनी फुटबॉलपटू हातांना पट्ट्या गुंडाळून वेल्सविरुद्ध उतरले. सहा गोल झाले. पट्ट्यांनी एकही अडला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तर राष्ट्रीय संघातील खेळाडूंना नवे गोंदण करण्यास सक्त मनाई झाली, आणि असलेले काढून टाकावे असा उपदेश झाला. गंमत अशी, की चीनचा थोर देशभक्त सेनापती युए फेई, बाराव्या शतकातला, त्याच्या पाठीवर देशनिष्ठेची अक्षरे गोंदलेली होती आणि ती त्याच्या आईने गोंदली अशी कथा चिनी मुले पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली. आज तो संघात असता तर त्यालाही पाठ झाकावी लागली असती.

जपानची गोष्ट मी वेगळी धरतो. २०१९ च्या रग्बी विश्वचषकासाठी येणाऱ्या खेळाडूंना सार्वजनिक तलावांत गोंदण झाका, असे आधीच सांगण्यात आले, कारण तेथे गोंदण म्हटले की गुंडांच्या टोळ्या आठवतात. पाहुण्याने यजमानाच्या दारात जोडे काढावे. ह्यात अपमान नाही. पण जाहिरातदार यजमान नव्हे. तो भाडेकरू आहे.

आता कायद्याचे निमित्त. रशीद वॉलेस ह्या बास्केटबॉलपटूने १९९८ मध्ये ४५० डॉलर देऊन दंडावर एक चित्र गोंदवून घेतले. पुढे ‘नायके’च्या दूरचित्रवाणी-जाहिरातीत ते झळकले, आणि २००५ मध्ये गोंदणाऱ्याने खटला भरला: चित्र माझे! प्रकरण आपसात मिटले, पण वकील मंडळी सावध झाली. झाका म्हणजे प्रश्न मिटला. खरे पाहता इतके भिण्याचे कारण नाही. बास्केटबॉलच्या संगणकीय खेळात खेळाडूंचे गोंदण दाखवले म्हणून २०१६ मध्ये दावा झाला. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला. हा माणूस चारचौघांत आणि पडद्यावर वावरणार हे गोंदणाऱ्याला ठाऊक होते, तेव्हा ती परवानगी त्याने दिलीच होती, असा एकंदर न्याय. कुस्तीगीर रँडी ऑर्टनच्या बाबतीत मात्र २०२२ मध्ये ज्यूरीने गोंदणारणीला ३,७५० डॉलर देवविले. म्हणजे धास्ती अगदीच खोटी नाही, हे मला कबूल करावे लागते.

पण तिच्यावरचा उपाय एक कागद आणि दोन सह्या एवढाच आहे. एका जाहिरातीच्या चहापाण्याच्या खर्चात गोंदणाऱ्याची रजामंदी मिळते. ती न मिळवता लांब बाह्यांचा सदरा चढवणे किंवा दंडाला रंग फासणे ह्याला मी कायद्याची बूज म्हणणार नाही, आळस म्हणेन. आणि गोंदण खरोखरच नको असेल, तर कोऱ्या कातडीचे खेळाडू पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे जावे. जोडा तितका खपणार नाही, हे जाहिरातदाराला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.