श्रेष्ठ विजय कोणता?

थोर खेळाडूच्या नावावर अनेक विजय जमा होतात. परंतु ज्यात त्याचे सारे सत्त्व प्रकट व्हावे, असा विजय एखादाच असतो. अमेरिकेचा जगद्विख्यात मुष्टियोद्धा मुहम्मद अली याचा असा विजय कोणता, याविषयी क्रीडारसिकांत आजही वाद रंगतो.

काहींच्या मते हा मान १९६४ सालच्या विजयाचा आहे. तेव्हा कॅशियस क्ले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या २२ वर्षांच्या तरुणाने मायामी बीच येथे जगज्जेत्या सॉनी लिस्टनला असे हैराण केले की, सातव्या फेरीसाठी लिस्टन आसनावरून उठलाच नाही. विजय दैदीप्यमान खरा. पण पायांतील चपळाई ही तारुण्याची देणगी होय.

दुसरा पक्ष १९७५ सालच्या मनिला येथील झुंजीला श्रेष्ठ मानतो. तेथे अली आणि जो फ्रेझर यांनी १४ फेऱ्या एकमेकांवर प्रहार केले. अखेर फ्रेझरच्या प्रशिक्षकानेच आपल्या शिष्याला पंधराव्या फेरीस जाऊ दिले नाही. ती धैर्याची पराकाष्ठा होती. तथापि, दोघेही इतके जर्जर झाले होते की, जेता कोण आणि पराजित कोण, हे त्यांच्या अवस्थेवरून ओळखणे कठीण व्हावे.

वस्तुतः १९७४ सालचा विजय या दोहोंहून श्रेष्ठ आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६७ साली, अलीने आपल्या धर्मश्रद्धेला स्मरून सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्यामुळे त्याचे जगज्जेतेपद हिरावले गेले आणि साडेतीन वर्षे तो रिंगणाला पारखा झाला. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. परंतु सरलेले तारुण्य परत देणे न्यायालयाच्या हाती नव्हते. त्याच वर्षी फ्रेझरने त्याला हरविले.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतील किन्शासा नगरीत अली जॉर्ज फोरमनसमोर उभा राहिला. अली ३२ वर्षांचा, फोरमन २५ वर्षांचा. फोरमनने ४० सामन्यांपैकी एकही गमावला नव्हता. फ्रेझरला तर त्याने दुसऱ्याच फेरीत पराभूत केले होते. पहिली फेरी चढाईत घालविल्यावर अलीने डाव बदलला. दोरांना पाठ टेकून, दोन्ही हातांची ढाल करून तो ठोसे झेलीत राहिला आणि अधूनमधून नेमका प्रहार करीत राहिला. पाहणाऱ्यांना वाटले, आता हा संपला! परंतु प्रत्येक ठोशागणिक फोरमनचेच बळ सरत होते. आठव्या फेरीत अली दोरांपासून सुटला आणि त्याच्या विजेसारख्या प्रहारांनी फोरमन भुईवर कोसळला.

मायामीत अलीजवळ तारुण्य होते, मनिलात जिद्द होती. किन्शासात या जिद्दीला विवेकाची जोड मिळाली. गेलेल्या सामर्थ्याचा शोक न करता, उरलेले सामर्थ्य योग्य क्षणासाठी राखून ठेवणे, ही खऱ्या वीराची ओळख आहे. रिंगणाबाहेर हिरावून घेतलेले पद त्याने रिंगणात उभे राहून परत मिळविले, म्हणूनच तो विजय त्याच्या साऱ्या कारकीर्दीचा मुकुटमणी ठरतो.