सावडीची शर्यत

थंडी पडू लागली की आमच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. चाकात हवा किती ठेवावी, घाटासाठी मागची कॅसेट केवढी घ्यावी, आठवड्याला किती किलोमीटर मारावेत. घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावातून चौघे-पाच जण लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीची तयारी करतात, तेव्हाही चर्चा पायांचीच होते. पुढे असलेल्याने जागा कधी सोडायची, हे मात्र कुणी विचारत नाही. अनेक दिवसांच्या शर्यतीत हौशी गट बहुतेक वेळा तिथेच मोडतो, असे माझे मत आहे.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, त्याला आता बरीच वर्षे झाली. पण त्या कामगिरीतला गटाचा भाग आपण अजून नीट वाचलेला नाही. एक भूलतज्ज्ञ, दुसरा दंतवैद्य. दोघेही सायकलवर पोट न भरणारे. पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडहून पूर्वेकडील अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, वाटेत वाळवंट, रॉकी पर्वत आणि सपाट प्रदेशातला न थांबणारा वारा. संघांना नऊ दिवसांची मुदत असते. या दोघांनी आठ दिवस १४ तास ५५ मिनिटांत अंतर तोडले. भागाकार करून पाहा: रात्रंदिवस धरून ताशी २३ किलोमीटरहून अधिक सरासरी, आणि प्रत्येकाच्या वाट्याला रोज साधारण २८० किलोमीटर. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ.

दोघांच्या रिलेत एक जण रस्त्यावर असतो, दुसरा गाडीत. गाडीतल्याने त्या वेळात खायचे, अंग पुसायचे, डोळे मिटायचे. रस्त्यावरच्याला अजून बरे वाटते आहे म्हणून त्याने आणखी तासभर ओढले, तर ते प्रेम वाटते, पण हिशेब बिघडतो. त्याची झोप पुढे ढकलली जाते, मग जेवण पुढे जाते, आणि दोन दिवसांनी तोच माणूस ठरलेली पाळीही पुरी करू शकत नाही. अशा शर्यतीत ताकद राखून उतरणे हेच कौशल्य असते, आणि तगड्या स्वाराला ते सगळ्यात अवघड जाते.

आपल्या मराठवाड्यात याला फार जुना शब्द आहे: सावड. एकच बैल असलेला शेतकरी दुसऱ्या एकाच बैलाच्या धन्याशी जोडी जमवतो. आज तुझे रान, उद्या माझे. त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. आपला बैल पहिल्याच दिवशी थकवून दुसऱ्याच्या रानात नेणारा माणूस सावडीला चालत नाही, मग तो कितीही कष्टाळू असो. घनसावंगीच्या काळ्या रानात ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांना सायकलींच्या रांगेचे शास्त्र वेगळे शिकवावे लागू नये.

तरी ते शास्त्र थोडे सांगतो, कारण चुका तिथेच होतात. सपाटीवर ताशी तीसच्या पुढे गेलात की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. समोरच्याच्या चाकामागे आडोशाला राहिलेल्याचे श्रम पाव ते एक तृतीयांश सहज वाचतात. म्हणून पुढची जागा फिरती ठेवायची. पण आपल्याकडे नवा माणूस पुढे आला की लगेच जोर लावतो. त्याला दोन किलोमीटरने वेग वाढल्यासारखे वाटते; शेपटाच्या माणसाला मात्र तुटलेले अंतर भरायला जिवाच्या आकांताने पळावे लागते. पुढे येताना वेग वाढवायचा नाही, आधीच्या माणसाला हळू होऊन मागे जाऊ द्यायचे. चढाची गोष्ट निराळी. वेग पंधराच्या खाली आला की आडोशाचा फारसा उपयोग उरत नाही. तिथे चढात कच्चा असलेल्याला पायथ्याशी सर्वांच्या पुढे ठेवा. बाकीचे एकेक करून त्याला ओलांडतील, माथ्यावर तो शेवटी पोचेल, पण गटातच असेल.

माझीच चूक सांगतो. सहा जणांच्या गटातून मी तीन दिवसांच्या शर्यतीला उतरलो होतो. दुसऱ्या दुपारी समोरून वारा सुटला. पाळी पाच मिनिटांची ठरली होती, मी बारा मिनिटे ओढले. अंगात जोर होता, मागचे खूश होतील असेही वाटत होते. बाजूला होऊन मागे आलो तेव्हा शेवटचे चाक धरण्याइतकेही पाय उरले नव्हते. हाक मारायची लाज वाटली. मी सुटल्याचे गटाला कळले तेव्हा बरेच अंतर पडले होते. पाचही जण माझ्यासाठी उन्हात थांबले. बारा मिनिटांत मी जे कमावले होते, त्याच्या कितीतरी पट वेळ त्यांनी थांबण्यात घालवला, आणि कुणी एक शब्द बोलले नाही. ते न बोलणे मला आजही लागते. ‘दमलो’ हा शब्द मी दहा मिनिटे आधी उच्चारला असता, तर एवढे झाले नसते.

गाडीतून साथ देणाऱ्या क्रूकडेही आपले असेच दुर्लक्ष होते. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकेकट्याने पुरी केली. ‘सोलो’ म्हटले तरी तिथे क्रूशिवाय सुरुवातच करता येत नाही. रात्री मागच्या गाडीच्या उजेडातच सायकल चालवावी लागते. वाट दाखवणे, दर तासाला पोटात किती गेले ते लिहून ठेवणे, चिडलेल्या माणसाचे ऐकून घेणे, हे सगळे न झोपलेले लोक करतात. पुणे ते गोवा या ‘डेक्कन क्लिफहँगर’ला जाणारे आपले गट क्रू निवडतात तो कुणाला सुट्टी आहे आणि कुणाकडे गाडी आहे, एवढे पाहून. क्रूने निदान एक पूर्ण रात्र स्वारांबरोबर आधी काढलेली असावी.

येत्या रविवारी घनसावंगीच्या गटाने जांब समर्थपर्यंत जाऊन पाहावे. उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर आल्या आहेत, म्हणून उजाडल्यावरच निघा आणि अरुंद रस्त्यावर एका ओळीत राहा. खड्डा, गाडी, थांबा: पुढच्याने प्रत्येक वेळी मोठ्याने सांगायचे, कारण मागच्याला समोरच्या पाठीपलीकडचे दिसत नाही. पाळी तीन मिनिटांची, घड्याळ शेपटाच्या माणसाकडे. त्याने हाक दिली की पुढच्याने जागा सोडायची, अंगात कितीही जोर असला तरी. परतीच्या वाटेवर प्रत्येकाने एकदा तरी, खरोखर दमण्याच्या थोडे आधी, ‘दमलो’ असे मोठ्याने म्हणायचे, आणि बाकीच्यांनी वेग दोनने कमी करायचा.