कार्ड कपाटातच होते

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी उठून फोन पाहिला, तर माझ्या क्रेडिट कार्डावर रात्रीत दोन व्यवहार झालेले. पहिला ८४ रुपयांचा, दुसरा ४१,००० रुपयांचा. दोन्ही परदेशातले. कार्ड मात्र कपाटात, साड्यांच्या घडीखाली.

घरात पहिला प्रश्न आला, "ओटीपी कुणाला सांगितलास?" बँकेतल्या साहेबांनीही तेच विचारले आणि वर म्हणाले, "मिस्टरांना घेऊन या." कार्ड माझ्या नावावर, बिल मी माझ्या पगारातून भरते. मिस्टरांचा संबंध कुठे आला?

मी ओटीपी कुणाला सांगितला नव्हता. तो मला आलाच नव्हता! आपल्याकडच्या ऑनलाइन खरेदीला तो सहसा लागतो; परदेशातली अनेक दुकाने मात्र नुसता नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे यांवर पैसे घेतात.

मग नंबर गेला कसा? एक वाट दुकानातून जाते. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या गल्ल्यांवरच्या यंत्रांत चोरांनी घातक प्रोग्रॅम घुसवला आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती पळवली. त्या गिऱ्हाइकांनी फक्त सामान घेऊन पैसे दिले होते. २०१६ साली भारतातही सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे अशीच धोक्यात आली. घुसखोरी पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या यंत्रणेत झाली होती.

दुसऱ्या वाटेने तर नंबर चोरावाही लागत नाही. सोळा आकड्यांतले सुरुवातीचे ६ ते ८ आकडे बँकेची ओळख सांगतात, शेवटचा आकडा बाकीच्यांवरून हिशेबाने निघतो. मधले आकडे संगणक भराभर जुळवून पाहतो. किरकोळ रक्कम वटली की कार्ड चालू आहे हे चोराला कळते. माझे ८४ रुपये बहुधा त्यासाठीच गेले.

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. रस्त्यात छेड काढली तर "तू तिथे गेलीसच कशाला?" पैसे गेले तर "तूच काहीतरी केलं असशील." कुलूप दुसऱ्याचे ढिले आणि बोल बाईला. या शरमेपायी कितीजणी गप्प बसतात, आणि गप्प बसण्यात दिवस गेले की नुकसान पक्के होते.

कारण दिवसांनाच किंमत आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दोष बँकेचा नाही, ग्राहकाचाही नाही, तो यंत्रणेत अन्यत्र आहे, आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर तिच्यावर एका रुपयाचीही जबाबदारी नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचे तेही बँकेनेच. दोष बँकेचा असेल तर मुदतीचा प्रश्नच नाही.

मी हे वाचले, कार्ड बंद केले, दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घेतली. पैसे परत आले. साहेबांनी दिलगिरी काही व्यक्त केली नाही.

तेव्हा परदेशी व्यवहाराची सोय लागत नसेल तर बंद ठेवा, लहान रकमेचा संदेशही वाचा. तरीही पैसे गेले, तर आधी बँकेला आणि १९३० ला फोन करा. "मी काय चुकले?" हा विचार नंतर. बहुतेक वेळा त्याची गरजच पडणार नाही.